कोयत्याच्या हिशेबात बाईचे नाव कुठे?

एप्रिल लागला की बीड जिल्ह्यातल्या आपल्या वस्त्या पुन्हा भरू लागतात. कारखान्यांचा पट्टा पडलेला असतो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्रे, शेळ्या, कोंबड्या आणि त्या पसाऱ्यावर बसलेली लेकरे, असा सगळा संसार माघारी येतो. पाच-सहा महिने कुलूप असलेली दारे उघडतात. मागे राहिलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडावर हसू येते. १४ एप्रिलची जयंती तोंडावर आलेली असते. विहाराला रंग लागतो, वर्गणीची वही फिरू लागते.

अशाच एका संध्याकाळी वंदना आटोपल्यावर विहाराच्या ओट्यावर माणसे बसली होती. बोलणे हिशेबाचे चालले होते. कुणाचे फिटले, कुणाकडे बाकी निघाली. तेवढ्यात पस्तिशीच्या आतबाहेरच्या एका भगिनीने घडी घातलेला एक कागद आमच्या हातात दिला. मुकादमाच्या वहीतल्या पानाची ती नक्कल होती.

"दादा, एवढं वाचून दावा," ती म्हणाली.

आम्ही वाचले. वर नवऱ्याचे नाव. त्यापुढे 'एक कोयता'. खाली उचल, मग टन, मग खाडे, मग औषधपाण्याला दिलेले पैसे आणि शेवटी बाकी.

"आन् माझं नाव?"

आम्ही कागद उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.

"मोळ्या म्या बी वाहिल्या. माझ्या दुखण्याचा खाडा तेवढा बरा लिहिलाय. मग नाव एकट्याचंच का?"

ओट्यावरच्या कुणाकडेही याचे उत्तर नव्हते. तिचा नवरा खाली मान घालून बसला होता. तो माणूस वाईट नाही. हिशेब असाच लिहायचा असतो, एवढेच त्याला आजवर माहीत होते.

ऊसतोड कामगारांसाठी महामंडळ आहे, आरोग्य तपासणी आहे, मुलांसाठी वसतिगृहे आहेत, कायदेही आहेत. या योजनांनी बाईच्या पदरात नेमके काय पडले? तिचाच प्रश्न हाती घेऊन आम्ही या योजनांकडे पाहायचे ठरवले.

राबणारे दोघे, नाव एकाचे

मराठवाड्यातून पश्चिम महाराष्ट्राच्या उसात जाण्याची वाट १९७२ च्या दुष्काळाने मोठी केली. धारूर, केज, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. कुणी सांगली-कोल्हापूरला जाते, कुणी सातारा, सोलापूर, पुण्याकडे, तर कुणी सीमा ओलांडून कर्नाटकात. त्यांत आपली बौद्ध घरे आहेत, मातंग, वंजारी आणि बंजारा समाजाची घरे आहेत. जमीन नाही किंवा आहे ती कोरडवाहू, हे बहुतेकांचे सारखेच दुखणे.

या धंद्यात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस असला तर अर्धा कोयता. हंगामाच्या आधी मुकादम उचल देतो. ती नवऱ्याच्या हातात पडते. पहाटे चारला उठून दोघे फडात जातात. ऊस तोडणे, पाचट काढणे, मोळी बांधणे, डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून गाडीत चढणे, हे दोघांचेच. त्याआधीचे पाणी, चूल, भाकरी आणि नंतरची लेकरे, धुणीभांडी मात्र एकटीची. कोपीत तो आडवा होतो तेव्हाही तिचा दिवस संपलेला नसतो.

आता हिशेब करून पाहू. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ ठरली आणि टनाचा दर २७३ रुपयांवरून सुमारे ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने एक लाख उचल घेतली असेल तर ती फेडायला सुमारे २७३ टन ऊस तोडावा लागतो. रोज दोन टन तोडले तरी साडेचार महिने जातात. त्यात एक दिवस आजारपणाचा नाही, पावसाचा नाही, बाळंतपणाचा नाही. कुणी एक दिवस बसले तर खाडा, म्हणजे पाचशे ते हजार रुपये दंड. दोघांपैकी एकाने सुटी घेतली तरी कोयता अडतो. त्यामुळे तिला ताप आला तरी तो ताप बाकीत जमा होतो.

बाईला वेगळी मजुरी नाही, म्हणून समान मजुरी मागायची सोय नाही. ती कुणाच्या हजेरीपटावर नाही, म्हणून बाळंतपणाची रजा नाही. कारखाना म्हणतो, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार म्हणतो, माणसे मुकादमाची. मुकादम म्हणतो, मी उचल तिच्या नवऱ्याला दिली. म्हणजे ती कामाला कुणाकडे आहे, हे सांगायला कुणीच तयार नाही.

योजनेचे मोजमाप कुठे घ्यायचे?

सरकारी अहवालात योजना मोजायची एक ठरलेली रीत असते. इतकी ओळखपत्रे वाटली, इतकी शिबिरे घेतली, इतका निधी खर्च झाला. हे आकडे खोटे असतात असे आम्ही म्हणत नाही. पण ओळखपत्र वाटले जाते गावात आणि हक्क बुडतो फडात. गावापासून फडाचे अंतर तीनशे-चारशे किलोमीटर. जिथे हक्क बुडतो तिथे मोजमाप झाले नाही, तर योजना कागदावर पास आणि बाईच्या आयुष्यात नापास, असे होते.

म्हणून आम्ही चार साध्या कसोट्या धरल्या आहेत. घरातल्या शाळकरी मुलीनेही वापराव्या इतक्या त्या साध्या आहेत.

एक : योजनेत तिचे स्वतःचे नाव आहे का?
दोन : पैसा किंवा सोय तिच्या हातात पडते का?
तीन : ती सोय फडावर, कोपीपर्यंत पोचते का?
चार : ती घेण्यासाठी तिला खाडा भरावा लागतो का?

या चार कसोट्यांवर एकेक योजना घासून पाहू.

महामंडळ आणि ओळखपत्र

लोकनेते गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ उभे राहिले. आज ते सामाजिक न्याय विभागाकडे आहे. त्याच्या पैशाची व्यवस्था विचारपूर्वक केलेली आहे. गाळलेल्या प्रत्येक टनामागे कारखान्याने १० रुपये द्यायचे आणि तेवढीच भर सरकारने घालायची. राज्यात २०२३-२४ च्या हंगामात दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला गेला. त्या हिशेबाने कारखान्यांचे शंभर कोटी आणि सरकारचे शंभर कोटी होतात. दरवर्षी अर्थसंकल्पातून काहीतरी मागत बसण्यापेक्षा ही वाट नक्कीच बरी.

ग्रामसेवकामार्फत नोंदणी करून कामगारांना ओळखपत्रे देण्याचे कामही सुरू झाले. ओळखपत्र म्हणजे 'मी कामगार आहे' याचा पहिला पुरावा. आजवर तोही नव्हता. म्हणून याला आम्ही चांगलेच म्हणतो.

आता पहिली कसोटी लावा. नोंदणीला घरातून कोण जाते? कर्ता पुरुष. यादी कशी होते? कुटुंबप्रमुखाच्या नावाने. बाईने वेगळा अर्ज करायचा असतो, हे तिला कुणी सांगत नाही आणि सांगितले तरी त्या दिवशी ती दुसऱ्याच्या कापसात असते. महिला किसान अधिकार मंच आणि बीडच्या महिला ऊसतोड कामगार संघटनेने अनेक वर्षे हीच मागणी लावून धरली आहे, की बाईला कामगार म्हणून स्वतंत्र ओळख द्या. विधवा, परित्यक्ता आणि एकल भगिनींचा प्रश्न तर याहून कठीण. जोडीदार नाही म्हणून त्या अर्धा कोयता ठरतात आणि कागदावर तो अर्धाही दिसत नाही.

एक गोष्ट लक्षात घ्या. महामंडळ कल्याण करते, पण मजुरी त्याच्या हातून जात नाही. मजुरी आजही मुकादमाच्या वहीतूनच जाते.

पिशवीचा प्रश्न

२०१९ साली बीड जिल्ह्याचे नाव देशभर झाले, ते अभिमान वाटावा अशा कारणाने नव्हे. ऊसतोड भगिनींची गर्भाशये मोठ्या संख्येने काढली जात असल्याचे उघड झाले. विधान परिषदेच्या उपसभापती नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. आरोग्य विभागाच्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशभरातले हेच प्रमाण शंभरात तीनच्या आसपास होते.

हे का घडले, ते आपल्या माताभगिनींना वेगळे सांगायला नको. फडावर संडास नाही, न्हाणीला आडोसा नाही, पाळीच्या दिवसांत कपडा धुवायला पाणी नाही. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते. खाडा नको म्हणून दुखणे अंगावर काढायचे आणि गावी आल्यावर खाजगी दवाखाना गाठायचा. तिथे कुणीतरी सांगते, पिशवी खराब आहे, कॅन्सर होईल, काढून टाका. साध्या औषधाने बरे होणाऱ्या दुखण्यासाठी पंचविशी-तिशीतली बाई पिशवी काढून बसते. पाळी गेली, खाडा गेला, असे वाटते. पुढे हाडे ठिसूळ होतात, कंबर धरते, घाम फुटतो, जीव घाबरा होतो. ऑपरेशनचे पैसे पुन्हा उचलीतूनच येतात. म्हणजे फडावर संडास नव्हता त्याची किंमत तिने पिशवी देऊन चुकवली आणि वर कर्जही केले.

त्यानंतर बीड जिल्ह्यात खाजगी दवाखान्यांना अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी सक्तीची झाली. २०२२ साली केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने देशासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना त्या तीन महिन्यांत लागू करण्याचा आदेश दिला. हंगामापूर्वी आणि हंगामानंतर महिलांची तपासणीही होऊ लागली.

याचे मोजमाप काय सांगते? २०२५ साली बीडची जी आकडेवारी प्रसिद्ध झाली, तीत ८४३ ऊसतोड महिलांच्या अशा शस्त्रक्रियांची नोंद होती. त्यांतल्या निम्म्याहून अधिक, ४७७ जणी, तीस ते पस्तीस वयाच्या होत्या. आणि १,५२३ जणी गरोदर असताना उसात राबत होत्या. तपासणी झाली म्हणून हा आकडा कळला, हे तपासणीचे यश. पण गरोदर आहे हे कळूनही ती फडात गेलीच. कारण डॉक्टरने गोळ्या दिल्या तरी उचल फेडण्याची तजवीज कुणी केली नव्हती. परवानगीची अट शस्त्रक्रियेच्या दारात उभी राहते. दुखणे सुरू होते ते मात्र फडात. तिथे स्वच्छतागृह, पाणी, फिरता दवाखाना आणि आजारपणाची बिनखाड्याची सुटी पोचली, तरच ही योजना तिसऱ्या आणि चौथ्या कसोटीला उतरली असे म्हणता येईल.

लेकरांची शाळा, मुलींचे लग्न

लेकरांचे प्रश्न हे आईच्या हक्काचेच प्रश्न आहेत. मुलगी घरी सुरक्षित राहणार नाही या धास्तीने आई तिला सोबत नेते. फडावर ती धाकट्या भावंडाला सांभाळते. वयात आली की तिच्या अब्रूची काळजी लागते आणि पंधरा-सोळाव्या वर्षी लग्न उरकले जाते. लग्न झाले की एक नवा कोयता तयार होतो आणि त्या कोयत्यावर नवी उचल मिळते. किती मुलींची पुस्तके अशी कोपीत राहिली!

पूर्वी कारखान्यांच्या परिसरात साखरशाळा चालत. पुढे गावातच हंगामी वसतिगृहांची सोय झाली. २०२१ साली राज्य सरकारने संत भगवानबाबा यांच्या नावाने ४१ तालुक्यांत ८२ वसतिगृहांना मंजुरी दिली. त्यांतली ४१ मुलांची आणि ४१ मुलींची. मुला-मुलींना बरोबरीने जागा, ही या योजनेची सर्वांत चांगली बाब. मुलगी वसतिगृहात राहिली तर शाळाही वाचते आणि बालविवाहही टळतो.

इथे एकच विचारायचे. टोळी निघते दिवाळीच्या आधी. त्या दिवशी वसतिगृहाचे दार उघडे असते का? महिनाभर उशिरा दार उघडले तर मुलगी तोवर फडावर पोचलेली असते. म्हणून मंजूर जागा मोजून भागणार नाही. टोळी निघाल्याच्या दुसऱ्या दिवशी किती मुली वसतिगृहात जेवल्या, तो आकडा विचारा. त्या एका आकड्यात सगळे आले.

कायदा आहे, पण वाट लांब आहे

परराज्यात जाणाऱ्या कामगारांसाठी १९७९ साली केंद्राचा कायदा झाला. त्यात प्रवासाचा खर्च, राहण्याची जागा, औषधोपचार, फोटो लावलेले पासबुक हे सगळे होते. तो कायदा आता नव्या श्रमसंहितेत सामावला गेला आणि ती संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. पण जुन्या आणि नव्या दोन्ही कायद्यांनी राज्याची सीमा ओलांडणारालाच असा स्थलांतरित कामगार मानले. केजची बाई बेळगावात गेली तर ती कायद्यात बसते. तीच कोल्हापुरात गेली तर बसत नाही. दोन्हीकडचा ऊस सारखाच, मोळीही तेवढीच जड.

कामाच्या जागी स्त्रीच्या लैंगिक छळाविरुद्ध २०१३ चा कायदा आहे. ऊसाचा फड हीही कामाची जागाच. असंघटित भगिनींसाठी प्रत्येक जिल्ह्यात स्थानिक समिती नेमायची असते आणि तीन महिन्यांच्या आत तक्रार द्यायची असते. पण छळ झाला सांगलीत, समिती सांगलीत आणि पट्टा पडल्यावर बाई बीडमध्ये. हंगाम चालू असताना तक्रार केली तर उचल डोक्यावर. हंगाम संपल्यावर केली तर अंतर आड येते आणि मुदतही सरते. ज्या कामात माणसे दर सहा महिन्यांनी जिल्हा बदलतात, त्या कामासाठी घरच्या जिल्ह्यात दिलेली तक्रारही चालली पाहिजे. पोलिसांच्या बाबतीत ही सोय आहे. गुन्हा कुठेही घडला असला तरी कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो आणि १ जुलै २०२४ पासून हे कायद्यातच लिहिलेले आहे. मग समितीच्या बाबतीत का नको?

हे आपल्याच राज्यात घडले होते

बाईचे नाव वेगळे लिहिणे, मजुरी तिच्या हातात देणे, हे कुणाला अशक्य वाटत असेल. त्यांनी जरा मागे वळून पाहावे.

त्याच १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात रोजगार हमी योजना उभी राहिली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून ती आली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. त्या कामावर बाईचे नाव हजेरीपटावर वेगळे लागत असे. पुरुषाइतकाच दर तिला होता. लाखो भगिनींनी आयुष्यात प्रथमच स्वतःच्या नावापुढे अंगठा उठवून पैसे घेतले. त्या योजनेतही गैरव्यवहार झाले, मजुरी रखडली, पाळणाघरे पुष्कळदा कागदावरच राहिली. तरी तिचे नाव हजेरीपटावर होते, म्हणून तिला मोर्चात पुढे उभे राहून 'माझे इतके दिवस, माझी इतकी मजुरी' असे म्हणता आले. एकाच दुष्काळाने बाईला दोन वाटा दाखवल्या. एका वाटेवर तिचे नाव लिहिले गेले, दुसऱ्या वाटेवर ती कोयत्याचा अर्धा भाग झाली.

दुसरे उदाहरण माथाडी कामगारांचे. १९६९ च्या माथाडी कायद्याने मुंबईच्या बाजारातल्या ओझे वाहणाऱ्या माणसाला मंडळाचा आधार दिला. मालकाने मजुरी आणि वरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने कामगाराच्या नावावर द्यायची. मधल्या माणसाची वही संपली. डोक्यावर पोते वाहणाऱ्याला जे मिळाले, ते डोक्यावर मोळी वाहणारीला का मिळू नये? टनामागे १० रुपये गोळा करणारे महामंडळ टनाची मजुरीही दोन नावांनी, दोन खात्यांत पाठवू शकते.

खाती नाहीत ही सबबही आता उरलेली नाही. २०२४ साली लाडकी बहीण योजना सुरू झाली तेव्हा गावोगावच्या भगिनींनी रांगा लावून खाती उघडली, आधार जोडले. सरकारचे १,५०० रुपये बाईच्या नावावर जाऊ शकतात, तर तिने घाम गाळून मिळवलेली मजुरी का जाऊ नये?

आणि बाळंतपणाचे म्हणाल, तर १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूतिरजेचे विधेयक आले, तेव्हा बाबासाहेबांनी त्याची ठाम बाजू घेतली होती. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि ज्याला तिच्या श्रमाचा फायदा होतो त्या मालकालाही यातून अंग काढता येणार नाही, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. १९२९ साली तो कायदा झाला. त्याला जवळजवळ शंभर वर्षे होत आली. गिरणीतल्या बाईला मिळालेला तो हक्क फडातल्या बाईपर्यंत अजून चालतच आहे.

आधी आपल्या घरात

सरकारला आणि कारखान्याला जाब विचारताना आपल्या घराकडेही पाहिले पाहिजे. उचल घेताना किती नवरे बायकोला विचारतात? उचलीतले किती पैसे तिला दिसतात आणि किती दारूच्या दुकानात जातात? मुलीचे लग्न उचलीच्या भरवशावर कोण ठरवते? जयंतीच्या मंचावर समतेचे भाषण करायचे आणि मुकादमापुढे बायकोचे नाव घ्यायला लाजायचे, हे दोन्ही एकत्र चालणार नाही.

म्हणून पुढचा हंगाम सुरू होण्याआधी प्रत्येक वस्तीने एवढे करावे, अशी आमची विनंती आहे.

ओळखपत्रासाठी नवरा-बायकोने दोन वेगळे अर्ज द्यावेत. ग्रामसेवकाने एकच घेतला तर लेखी कारण मागावे.

उचल दोघांच्या समोर मोजून घ्यावी, करारावर दोघांची नावे आणि सह्या असाव्यात, आणि त्या कागदाचा फोटो घरच्या शिकलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या फोनमध्ये ठेवावा. टन आणि खाडे रोजच्या रोज आपल्याही वहीत लिहावेत.

गरोदर भगिनीने तपासणीचे कार्ड सोबत न्यावे. रेशनकार्डाचा क्रमांकही सोबत असावा. दुसऱ्या जिल्ह्यातल्या दुकानातही आपले धान्य घेता येते.

पिशवी काढा असे कुणी सांगितले तर त्याच दिवशी होकार देऊ नये. सरकारी रुग्णालयात दुसऱ्या डॉक्टरला दाखवावे. कॅन्सरची भीती घातली असेल तर तपासणीचा कागद मागावा.

उचलीपोटी कुणाला डांबून ठेवले, तर ती वेठबिगारी आहे. १९७६ च्या कायद्याने तो गुन्हा आहे. जिल्हाधिकारी किंवा तहसीलदारांकडे तक्रार द्यावी. संकटात ११२ किंवा महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक लावावा. स्त्रीला, तिचे उत्पन्न कितीही असो, विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, पुण्याकडच्या आपल्या धम्मबांधवांना एक सांगणे. तुमच्या गावाच्या शिवारात कोप्या पडलेल्या असतात. रविवारी विहारातून चार माणसे, त्यांत दोन भगिनी, तिकडे जाऊन या. पाणी कुठून आणता, दवाखाना कुठे आहे, लेकरू शाळेत जाते का, एवढे विचारा. ती आपलीच माणसे आहेत.

विहारातली वही

त्या संध्याकाळी ओट्यावर एक गोष्ट ठरली. शिकणाऱ्या मुलींनी दोनशे पानी वही आणली. टोळीला गेलेल्या प्रत्येक बाईचे नाव तिच्यात लिहायचे. वय, किती हंगाम केले, कोणत्या कारखान्याच्या हद्दीत, किती टन, किती खाडे, कोणते दुखणे, ओळखपत्र आहे की नाही, मुले कुठे होती. पुढच्या वेळी अधिकारी योजनेचे आकडे घेऊन आले, तर आपलेही आकडे त्यांच्यापुढे ठेवता येतील. योजनेचा हिशेब तपासायचा तो असा.

कागद आणणाऱ्या भगिनीचे नाव वहीत पहिले लिहिले. तिच्या नवऱ्याने स्वतःच कारखान्याचे, टनाचे आणि खाड्यांचे आकडे सांगितले. एका खाड्यापाशी तो थांबला आणि म्हणाला, "हा तिच्या तापाचा. हा दंड धरायला नको होता." मुलीने तसेच लिहून घेतले.

शेवटी तिने वही आपल्याकडे फिरवून पाहिली. अक्षर ओळखण्यापुरतेच तिला येते. स्वतःच्या नावावर बोट ठेवून ती म्हणाली, "आता मुकादमाच्या वहीत बी असंच लिवायला लावायचं."

सप्टेंबरात मुकादम पुन्हा वस्तीवर येतील. तेव्हा आपल्या घरातून दोन नावे सांगा.